मागच्या डाव्या चाकाबद्दल आणि माझ्या हाताबद्दल

प्रति,
मा. मुख्य परवाना अधिकारी,
वाहनचालक परवाना व वाहन तपासणी कार्यालय,
पहिला मजला.

विषय : परवाना नूतनीकरणाच्या चाचणीत माझ्या नावापुढे मारलेला "चालकाचा हात वाकडा आहे" हा शेरा रद्द होऊन कार्यालयाच्या गाडीवर फेरचाचणी मिळणेबाबत.

संदर्भ : १) मी नापास झाल्याचे आपल्या कार्यालयाचे पत्र.
२) त्याच दिवशी खिडकीवरच्या लिपिकांनी न मागता दिलेला सल्ला, "बाई, आता वय झालं, घरी बसा."

महोदय,

१. मी, खाली सही करणारी, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांना दवाखान्यापर्यंत येता येत नाही अशा रुग्णांच्या घरी जाऊन मी त्यांचे आखडलेले सांधे सोडवते, पडलेल्यांना उभे करते आणि उभे राहिलेल्यांना चालायला लावते. सध्या माझ्याकडे खांदा धरलेला एक शिंपी, अर्धांगाचा झटका येऊन गेलेले एक क्लॅरिनेटवादक आणि मांडीचे हाड मोडलेल्या, एका बस कंडक्टरच्या आई असे रुग्ण आहेत. तिघे तीन टोकांना राहतात. वजने, पट्टे, विजेचे यंत्र आणि घडीचा वॉकर घेऊन बसने त्यांच्याकडे जाणे शक्य नाही. नापास झाल्यावर एकदा करून पाहिले, तेव्हा मी एका थांब्यावर उतरले आणि वॉकर पुढच्या. परवाना गेला तर माझे काम गेले, आणि काम गेले तर कंडक्टरच्या आई, ज्या आत्ता कुठे खिडकीपर्यंत चालत जाऊ लागल्या आहेत, त्या पुन्हा अंथरुणाला खिळतील. एवढ्यासाठी हा अर्ज आहे. बाकीचे जे खाली आले आहे ते ओघाने आले आहे. ते गाळून अर्ज लिहिण्याचा मी प्रयत्न केला, पण जमले नाही.

२. या अर्जात माझ्या यजमानांचा उल्लेख वारंवार येईल. आपल्या कार्यालयात त्यांना सगळे "सर" म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहीत आहे. सर गाडी शिकवण्याची शाळा चालवतात. आपले दोन्ही परीक्षक, खिडकीवरचे लिपिक आणि, माझी माहिती चुकीची नसेल तर, आपण स्वतःही त्यांच्याच हाताखाली क्लच सोडायला शिकलात. याबद्दल माझी काही तक्रार नाही. सर शिकवतात चांगले. "गाडी कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो" हे त्यांचे वाक्य आपण पहिल्याच दिवशी ऐकले असेल. मी ते लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकते आहे आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

३. चाचणीला मी माझ्याच गाडीने आले. गाडी एकोणीस वर्षांची आहे. तीन लाख किलोमीटर ओलांडल्यावर अंतराचा आकडा दमून जागीच थांबला, त्याच्या पुढचे कोणी मोजलेले नाही. मैदानावर आखलेल्या दोन पट्ट्यांमधून गाडी सरळ नेताना मागचे डावे चाक पट्ट्यावर चढले. नंतर परीक्षकांनी अचानक ब्रेक दाबायला सांगितला. मी दाबला, तेव्हा गाडीचे शेपूट डावीकडे गेले आणि तिथला प्लास्टिकचा शंकू आडवा झाला. परीक्षक हसले आणि म्हणाले, "सर सकाळीच म्हणाले होते, तिचा हात वाकडा आहे, जरा सांभाळून बस." मग त्यांनी तेच शब्द कागदावर उतरवले. म्हणजे माझी परीक्षा व्हायच्या आत निकाल सरांच्या तोंडून, बहुधा चहा पिताना, आपल्या कार्यालयात पोचला होता. परीक्षक उतरून गाडीच्या मागे गेले असते आणि एकदा खाली वाकले असते तर हा अर्ज मला करावा लागला नसता.

४. "हात वाकडा" हा शोध आपल्या कार्यालयाने लावलेला नाही. तो आमच्या घरात सात वर्षे नांदतो आहे. सात वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला सरांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली, "आजपासून ही तुझी" म्हणाले, आणि नोंदणीही माझ्या नावावर करून दिली. तोपर्यंत त्या गाडीच्या चालकाच्या सीटवर सर सोडून कोणी बसलेले नव्हते. मी रडले होते. हे मुद्दाम नमूद करते, कारण ते रडणे मला आता परत हवे आहे.

महिन्याभरातच गाडी मला जड जाऊ लागली. एका बाजूला चटकन वळे, दुसऱ्या बाजूला ओढून न्यावी लागे. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागून कोणीतरी ढकलल्यासारखे वाटे. मागचे टायर, त्यातही डावा, आतल्या कडेने घासून वेळेच्या आधीच गुळगुळीत होई, बाहेरून मात्र नवा दिसे. मी हे सांगितले की सर म्हणत, "नाचता येईना, अंगण वाकडं." पाहुण्यांपुढेही म्हणत. मुलगा हसे, सूनबाई हसू दाबे, आणि खरे सांगायचे तर मीही हसे. दिवसभर दुसऱ्यांचे वाकडे हात सरळ करणारी बाई, आणि तिचाच हात वाकडा! विनोद चांगला होता. पुष्कळ पुरला.

गाडीची सगळी दुरुस्ती सरांच्या जुन्या मित्राकडे होई. त्याला सगळे "पाना" म्हणतात. माझी कुरकुर फार वाढली की तो अलाइनमेंट करून देई आणि म्हणे, "वहिनी, चाकं एकदम सरळ. हे स्टिअरिंग बघा, आहे की नाही सरळ?" स्टिअरिंग सरळच असे. त्यामुळे मी गप्प बसे.

५. नापास होऊन घरी आले त्या दिवशी सर म्हणाले, "जाऊ दे. आता सोड चालवणं. आराम कर." त्यांच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. मी दुखणी ऐकून ओळखणारी बाई आहे, मला तो आवाज खटकला. दुसऱ्या दिवशी ते शिकवायला गेल्यावर मी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गाडी काढली.

माझ्या कामात एक पद्धत आहे. रुग्ण कुठून लंगडतो हे त्याला विचारून कळत नाही. तो दुखणे पायात सांगतो आणि खोट कमरेत असते. म्हणून मी त्याचे तळवे ओले करते, त्याला कोरड्या फरशीवर चालायला लावते आणि ठसे बघते. इतकी वर्षे माणसांचे ठसे बघूनही ही युक्ती गाडीवर करावी असे माझ्या मनात कधी आले नाही, कारण रोगी मी आहे हे घरात ठरलेले होते.

मी जमिनीवर बादलीभर पाणी ओतले, स्टिअरिंग सरळ धरून गाडी त्यातून पुढे नेली आणि उतरून ठसे पाहिले. धड गाडीची मागची चाके पुढच्यांच्या ठशांवरून जातात. थोडी आतबाहेर पडली तरी दोन्ही बाजूंना सारखीच पडतात. माझ्या गाडीची दोन्ही मागची चाके डावीकडे सरकून पडली होती. गर्दीतून खांदा पुढे घालून जाणाऱ्या माणसासारखी गाडी तिरकी चालत होती, आणि मी मात्र सरळ बसून होते.

घाईने निदान करू नये हे मला शिकवलेले आहे. म्हणून इतर शक्यता मी एकेक करून काढून टाकल्या. आधी चारही चाकांतली हवा सारखी करून घेतली. ठसे होते तसेच. मग मागची दोन चाके आपसांत बदलली, कारण दोष टायरचा असता तर तो टायरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला असता. गेला नाही. मग त्याच मोकळ्या जागेत थोडे फिरवून आणून प्रत्येक चाकाजवळ हात नेला. एखादा ब्रेक अडकून राहत असता तर ते चाक इतरांपेक्षा तापले असते. चारही सारखीच कोमट होती. मग जॅक लावून, खाली भक्कम टेकू देऊन, मागची चाके दोन्ही हातांनी धरून हलवली. खुळखुळ नव्हती. गाडी एवढी चाललेली म्हटल्यावर मागचा ॲक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारा दांडा, धरून ठेवणारी रबरे गेली असतील असे वाटले, तीही पहारीने रेटून पाहिली. रबरे माझ्याइतकीच म्हातारी होती, पण जागा सोडलेली नव्हती.

शेवटी दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गाडीशी समांतर दोरी ताणली आणि मागच्या प्रत्येक चाकाच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोरी किती लांब आहे ते पट्टीने मोजले. उजव्या चाकाची दोन्ही मापे जवळपास सारखी आली. डाव्या चाकाची पुढची कड दोरीच्या जवळ होती आणि मागची लांब. म्हणजे ते चाक बाहेर तोंड करून बसले होते. फरक फार नव्हता, नखाएवढा. पण तो नखाएवढा फरक गाडीचे सगळे मागचे अंग बाजूला रेटत होता आणि टायरची आतली कड खात होता.

गाडीखाली टॉर्च घेऊन पाहिले तेव्हा ॲक्सलच्या डाव्या टोकाला दगडावर आपटल्याची जुनी खूण दिसली. तिच्यावर काळा रंग फासलेला होता. एकोणीस वर्षांच्या गाडीचे पोट कोणी रंगवत नाही, आणि रंगवायचेच तर नुसते वीतभर रंगवत नाही. तिथे पाणी मुरत होते.

६. मी गाडी पानाकडे न देता दुसऱ्या एका गॅरेजच्या माणसाला बोलावून तिकडे ओढून नेली. तिथे चारही चाके एकदम मोजणारे यंत्र आहे. यंत्राने माझ्या दोरीचेच म्हणणे खरे केले. तिथल्या मेकॅनिकने सांगितले की ॲक्सल डावीकडच्या टोकाला वाकलेला आहे, या गाडीत मागचे चाक जुळवायला स्क्रूच नसतो, ॲक्सल बदलावा लागतो, आणि मागे असे असताना पुढची चाके जुळवत राहणे म्हणजे मोडलेल्या पायाला मोजा घालणे. मग त्याने स्टिअरिंगचे मधले झाकण उघडले. स्टिअरिंग त्याच्या दांड्यावर जिथे बसायला हवे तिथे नव्हते. ते काढून, एक दाता सरकवून पुन्हा बसवले होते. गाडी कितीही तिरकी चालली तरी चालवणाऱ्याच्या हातातले चाक सरळ दिसावे अशी ती व्यवस्था होती. मेकॅनिक म्हणाला, "ताई, हे धडकेत होत नाही. हे कोणीतरी निवांत बसून, विचार करून करतं."

या ठिकाणी हेही नमूद करते की, याच गाडीला आपल्या कार्यालयाने मधल्या काळात रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा दाखला दिलेला आहे. तपासणीला गाडी सर घेऊन आले होते. तपासणाऱ्यांनी दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला आणि सरांच्या पाया पडले.

७. मग मी पानाकडे गेले. त्याने आधी गाडीचे वय काढले, मग रस्त्यांना नावे ठेवली, मग हात पुसायचे फडके शोधू लागला. फडके त्याच्या खांद्यावरच होते. मी हलत नाही असे पाहून शेवटी स्टुलावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, सरांनी शपथ घातली होती. रिव्हर्स घेताना मागचं चाक दगडी खांबावर घातलं त्यांनी. कोणी बघितलं नव्हतं. पण मला म्हणाले, गाडी शिकवणाऱ्यानं रिव्हर्समध्ये खांब ठोकला हे बाहेर फुटलं तर उद्या माझ्याकडे कोण शिकेल? ॲक्सल मागवू म्हटलं, तर पार्टचं दुकान त्यांच्याच विद्यार्थ्याचं. तोंडातून तोंडात गेलं असतं. मग मीच म्हटलं, वरून सरळ दिसेल असं करून देतो."

मी विचारले, "कधी झालं हे?"

पाना फडक्याकडे बघत म्हणाला, "तुमच्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी."

महोदय, मला सात वर्षांपूर्वी मिळाली ती भेट नव्हती. सरांना आपली चूक ठेवायला जागा हवी होती आणि ती जागा माझ्या नावावर करून देण्यात आली. टायर झिजले तर हात माझा, शेपूट फिरले तर हात माझा. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात असे ऐकले होते. इथे चोरच रोज संध्याकाळी संन्याशाला विचारत होता, "आज कुठे ठोकली नाहीस ना?"

८. यापुढचा भाग आपल्या अखत्यारीत येत नाही याची मला जाणीव आहे. तरीही नोंद व्हावी.

गाडी मला दिल्यापासून सरांचा उजवा गुडघा दुखतो. त्या गाडीत पाय दुमडून बसवत नाही म्हणून ते सगळीकडे बसने जातात. त्या गुडघ्याला मी सात वर्षे शेक दिला आहे. रोज संध्याकाळी, बाहेरचे रुग्ण आटोपून, स्वतःची कंबर मोडलेली असताना मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला आहे. फरक पडेना म्हणून मोठ्या डॉक्टरांना दाखवले, पुस्तके उपसली, मला माझेच काम येते की नाही असा संशय घेतला. शिकवण्याच्या गाडीत मात्र तोच गुडघा दिवसभर दुमडलेला असे. विचारले तर म्हणत, "त्या सीटची उंची वेगळी आहे." खोटे लंगडणारा माणूस कधी ना कधी पाय चुकतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. सरही पाय चुकत. मला वाटे, बिचाऱ्याचा आता दुसराही गुडघा धरला. त्या दुसऱ्या गुडघ्यालाही मी शेक देऊ लागले.

पानाकडून आल्यावर मी सरांचे तळवे ओले केले आणि त्यांना फरशीवरून चालायला लावले. त्यांनी का म्हणून विचारले नाही. त्यांचे ठसे आपल्या कार्यालयातल्या कोणाही तरुण माणसापेक्षा सरळ आहेत.

९. सरांनी काही नाकारले नाही. ठसे वाळेपर्यंत ते फरशीकडे बघत बसले. मग म्हणाले, "एकदा खोटं बोललो. मग ते सांभाळत बसावं लागलं."

मी म्हटले, "आणि माझा हात?"

"तुला काय फरक पडला? तू चालवत होतीसच की."

मला काय फरक पडला ते मी त्यांना सांगू शकले नाही, म्हणून आपल्याला सांगते. आमची नात पाच वर्षांची आहे. तिला सगळे छोटी म्हणतात. माझी गाडी दिसली की ती धावत येते, आणि अर्ध्या वाटेत सूनबाई तिला उचलून मागे नेते. मुलगा म्हणतो, "आई, राग मानू नकोस, पण छोटीला मीच सोडतो." मी कधी राग मानला नाही. वाकड्या हाताच्या आजीने पोरीचा जीव कशाला धोक्यात घालावा? बाकीच्या आज्या नातवंडांना बागेत नेत, शाळेतून आणत. मी गाडी उभी करून, किल्ली खिशात टाकून, छोटीला रस्त्याच्या कडेकडेने पायी फिरवून आणत असे.

आता सूनबाईने सांगितले की तो नियम मुलाचा नव्हता. छोटी झाली त्याच आठवड्यात सरांनी मुलाला बाजूला घेऊन बजावले होते, "काही झालं तरी पोरीला त्या गाडीत बसवायचं नाही. रस्ता ओला असेल तेव्हा तर नाहीच नाही." मुलाला वाटले, आईच्या हातामुळे सांगताहेत. सूनबाई हे सांगताना रडली. मला रडू आले नाही. मी ओल्या रस्त्याचाच विचार करत होते.

कारण दोन वर्षांपूर्वी ओल्या उतारावर माझी गाडी पूर्ण फिरली होती. मी ब्रेक दाबला आणि जिकडून आले तिकडेच तोंड करून थांबले. समोरून दुधाची गाडी येत होती. तिच्या चालकाने वेळेवर बाजूला घातली म्हणून मी हा अर्ज लिहिते आहे. घरी आले तेव्हा माझे दात वाजत होते. सरांनी मला पाणी दिले, अंगावर पांघरूण घातले, पाठीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "तरी सांगत असतो, हात सांभाळ."

त्यांना माहीत होते. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या हवेत, किती धोका आहे हे त्यांना नेमके माहीत होते. त्यांनी नातीला त्या गाडीपासून दूर ठेवले. गुडघ्याचे सोंग आणून स्वतःला दूर ठेवले. आणि मी रोज सकाळी वॉकर डिकीत टाकून निघत असे, तेव्हा ते गॅलरीत येऊन "सावकाश जा" म्हणत. मला ते प्रेम वाटत असे. त्या दोन शब्दांवर माझा दिवस चांगला जात असे.

केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार मी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीतच वापरला होता.

१०. वरील सर्व परिस्थिती लक्षात घेऊन माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) माझ्या नावापुढचा शेरा रद्द व्हावा. "गाडीतही दोष आढळला" असे खाली बारीक अक्षरात जोडून भागणार नाही. "हात वाकडा" हे शब्द आडवी रेघ मारून खोडावेत आणि रेघेवर आपली सही असावी.

(आ) फेरचाचणी सरांकडे न शिकलेल्या परीक्षकाने घ्यावी. असा परीक्षक आपल्याकडे नाही हे मला माहीत आहे. तो शेजारच्या कार्यालयातून मागवावा. तिथेही नसल्यास गाडी अजिबात चालवता येत नसलेला एखादा शिपाई चालेल. त्याने फक्त पट्ट्याकडे बघावे.

(इ) माझ्या गाडीची नोंदणी कायमची रद्द करावी. मी नापास झाल्यावर सरांनी तिला गिऱ्हाईक शोधले होते, "बाईच्या हातची, जपून वापरलेली" म्हणून. आता माझ्या हाताची किंमत वाढली होती. गिऱ्हाईक म्हणजे त्यांच्याच शाळेतली एक मुलगी, जिला परवाना मिळून अजून महिना झालेला नाही. मी तिला स्वतः भेटून सगळे सांगितले आहे. गाडी माझ्या नावावर आहे, सरांनीच ती केली आहे, त्यामुळे माझ्या सहीशिवाय ती कोठेही जाणार नाही आणि भंगाराशिवाय कोणालाही ती सही मिळणार नाही. नोंदणीपुस्तक, पुढची व मागची नंबरपाटी, ठशांचे फोटो, दुसऱ्या गॅरेजचा अहवाल आणि आतून झिजलेला टायर या अर्जासोबत सादर करत आहे. टायर आवक खिडकीतून आत जात नसल्याने तो जिन्याखाली ठेवला आहे. त्याची पोच मिळावी. लिपिक नाही म्हणाले, तरी मिळावी.

(ई) गुडघ्याबाबत शासनाला काही करता येत असेल तर ते करावे.

(उ) हे सगळे होईपर्यंत माझे काम थांबू नये म्हणून तात्पुरता परवाना द्यावा. शिंप्याला मी फोनवरून व्यायाम सांगते आहे. क्लॅरिनेटवाल्यांना फोनवर नीट बोलता येत नाही, ते नुसते ऐकतात आणि मी ठेवण्याची वाट बघतात. कंडक्टरच्या आईंनी निरोप पाठवला आहे, "डॉक्टरीणबाई, तुम्ही येईपर्यंत मी खाट सोडणार नाही." त्यांनी खाट सोडावी म्हणून मी चार महिने झटले आहे.

११. काल सरांनी तडजोड सुचवली. ते आपल्याशी बोलतील, आपण त्यांचा शब्द मोडणार नाही, आणि फेरचाचणी त्यांच्या शाळेच्या गाडीवर उरकून घेता येईल. गाडीत दोष होता असे ते लिहून द्यायलाही तयार आहेत. तो त्यांना स्वतःला माहीत होता, एवढे मात्र लिहिणार नाहीत. म्हणाले, "मी शेजारीच बसतो. काही चुकलंच तर माझा पाय ब्रेकवर आहे." ते चांगल्या मनानेच म्हणाले असावेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी नाही म्हटले.

आपण त्याच गाडीत शिकलात, तेव्हा आपल्याला ठाऊक आहे की तिच्यात दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक सरांच्या. त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून सर जन्मभर परक्यांच्या मुलांशेजारी बसले आणि एकाच्याही अंगाला ओरखडा येऊ दिला नाही. आपल्याही नाही. माझ्या गाडीत तो ब्रेक नव्हता, आणि गाडी माझी झाल्यापासून ते माझ्या शेजारी एकदाही बसले नाहीत. म्हणून माझी चाचणी कार्यालयाच्या साध्या, एकच ब्रेक असलेल्या गाडीवर घ्यावी. तो माझ्या पायाखाली असला की मला पुरेल.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, सध्या पायी.

दिनांक : चाचणीनंतरचा दुसरा सोमवार.

प्रत माहितीसाठी : सर. राहणार माझ्याच पत्त्यावर, तूर्त.